लिंबाचा ताण

८ एप्रिल, बुधवार

ही आज सकाळी अक्कांकडे गेली. अक्का म्हणजे हिची थोरली बहीण. त्यांचा गुडघा धरलाय, म्हणून आठवडाभर हाताशी राहून येते म्हणाली.

जायच्या आधी मला गच्चीत उभं करून एकेक कुंडी दाखवली, जसा काही मी आजच कामावर रुजू झालोय. गुलाबांना सकाळी पाणी. पुदिन्याला दोन्ही वेळ. टोमॅटोंना मातीत बोट खुपसून बघून मगच. नेच्याला दुपारी आत घ्यायचं. निवडुंगाकडे बघायचंसुद्धा नाही. शेवटी लिंबापाशी थांबली. हे झाड एका अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात आहे, उंचीने माझ्या खांद्याला लागतं, आणि लावल्यापासून त्याने एक लिंबू म्हणून दिलेलं नाही. ही म्हणाली, "याला मी ताण दिलाय. पाणी तोडलंय. मी सांगेपर्यंत थेंब घालायचा नाही. मी सांगितलं की ताण तोडायचा."

पाणी तोडणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पाणीपुरवठ्यात माझा जन्म गेला. माझ्या एका सहीने गल्ल्याच्या गल्ल्या कोरड्या पडल्यात. ताण म्हणजे कसला, ते मात्र नीट लक्षात आलं नाही. झाडाला दोन दोऱ्या बांधून कठड्याला ताणून ठेवलंय, विजेच्या खांबाला ताण देतात तसं. तेच असणार. विचारलं नाही. जो साहेब प्रत्येक गोष्ट विचारत बसतो त्याला कुणी साहेब म्हणत नाही, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो.

"काही अडलं तर विचारा," ही जाताना म्हणाली.

"चार कुंड्यांना पाणी घालायला काय अडायचंय? सगळ्या शहराला पाणी पाजलंय मी."

ही वळली. पिशवी उचलली आणि जिना उतरली. एरवी टॅक्सीत बसल्यावर वर बघून हात करते. आज केला नाही. ऊन डोळ्यांवर येत असेल.

९ एप्रिल

कामाला शिस्त लावली. गच्चीचे तीन झोन केले आणि वेळापत्रक लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. सकाळी सहाला झोन एक, सव्वासहाला झोन दोन, वगैरे. हिच्या पद्धतीत झारी हातात घेऊन कुंडीकुंडीशी गप्पा मारत हिंडायचं असतं. त्याने काम होत नाही, नुसता वेळ जातो.

दुपारी टोमॅटो माना टाकून बसले होते. ताबडतोब पाणी दिलं. संध्याकाळी सगळे ताठ. बोट खुपसायची काही गरज पडली नाही. यात फार मोठी विद्या आहे असं हिला उगाच वाटतं.

१२ एप्रिल, रविवार

हवेचं डोकं फिरलंय. सकाळी स्वेटर घालून पाणी घालतो आणि दुपारी बनियनवर बसतो. काल मध्येच ढग आले, गडगडले आणि काही न करता निघून गेले. आमच्या खात्यात असे दोन अधिकारी होते.

टोमॅटो दुपारी रोज मान टाकतात, मी रोज पाणी देतो. लिंबाची पानं किंचित मुडपली आहेत. हुकुमाप्रमाणे थेंब घातलेला नाही.

दुपारी फोन केला. उचलला अक्कांनी. धापा टाकत होत्या. काय झालं विचारलं तर म्हणे माळ्यावर होत्या, घंटी ऐकून शिडीवरून भरभर उतरल्या. मी म्हटलं, "अक्का, गुडघा धरलेल्या माणसाने शिडी चढू नये." मग म्हणाल्या, "हो ना भाऊजी, बरं झालं आठवण केलीत." मी सांगितलेलं लोक ऐकतात अजून.

ही बागेत होती. फोनवर आली नाही. हात मातीने भरले होते म्हणे.

१५ एप्रिल, बुधवार

आठवडा झाला. सकाळीच घर झाडून घेतलं, चादरी बदलल्या, दूध जास्तीचं आणून ठेवलं. चारपर्यंत वाट पाहिली आणि मग सहज चौकशी म्हणून फोन लावला.

अक्का म्हणाल्या, "अहो, राहू दे की तिला इथंच. इथं कसं अंगण आहे, मोकळी जमीन आहे. तिने काडी खोचली तरी पालवी फुटते. मी एकटी, ती आली तर मलाही सोबत. तुमच्याकडे काय, कुंड्या."

मी विचारलं, "कुठवर राहू दे?"

"ते काय आता सांगायचं? तिचा विचार चाललाय."

फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. विचार चाललाय म्हणजे काय? कसला विचार? हिने घर सोडून राहायचा विचार करावा असं आमच्यात काही झालेलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. मी कधी आवाज चढवून बोललेलो नाही. खरं तर गेल्या काही वर्षांत फारसं बोललेलोच नाही, मग भांडण होणार कुठून?

दूध नासलं. तोंडचं पाणी पळालं म्हणतात, ते आज या पाणीवाल्याला कळलं. ही परत आली नाही तर काय, हा विचार आजवर माझ्या डोक्याला शिवला नव्हता. आता जाता जात नाही.

१७ एप्रिल

टोमॅटोची पानं पिवळी पडली. एक झाड मुळापाशी मऊ लागलं आणि हातातच आलं. कुबट वास येत होता. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले, मी टोपलीत ते झाड घेऊन चाललो होतो. म्हणाले, "पाणी फार होतंय का?" मी म्हटलं, "तुम्ही दात बघा." नंतर वाटलं, इतकं तोडून बोलायला नको होतं. माणूस वाईट नाही, सारखा हसतो एवढंच, आणि ते धंद्यासाठी असावं.

संध्याकाळी लेकीचा फोन.

"बाबा, कसं चाललंय?"

"सगळं सुरळीत."

"टोमॅटो पिवळे पडलेत ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने."

"आणि आईला?"

"डॉक्टरकाकांनी. ते जाऊ दे. तुम्ही आईला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"काहीही हो बाबा. काहीही विचारा."

ही मुलगी लहानपणापासून अशीच मोघम बोलते. प्रश्न असेल तर विचारता येतो. प्रश्नच नसेल तर काय विचारणार? तिला म्हटलं, आईला सांग, लिंबाला एक थेंब घातलेला नाही. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, धन्य आहात." कौतुक असावं.

१९ एप्रिल, रविवार

आज भलतंच झालं. दुपारी तीनला काहीही सूचना न देता पाऊस आला. एप्रिलमधला पाऊस, टपोऱ्या थेंबांचा. खालची मुलं रस्त्यावर नाचत होती. लोक गॅलऱ्यांमधून हात बाहेर काढून भिजवत होते. आणि मला एकदम लिंबू आठवलं. एक थेंब घालायचा नाही.

छत्री घेऊन धावलो. झाड उंच, छत्री लहान. मग लक्षात आलं की झाड भिजलं तर भिजू दे, पिंपातली माती भिजता कामा नये. खात्यातला जुना रेनकोट काढला, पिंपाच्या तोंडावर बुंध्याभोवती गुंडाळून सुतळीने बांधला आणि वरून छत्री धरून उकिडवा बसलो. मी पूर्ण भिजलो. माती कोरडी राहिली.

डॉक्टर वर आले होते, वाळत घातलेले कपडे काढायला. बराच वेळ बघत उभे राहिले.

"झाडाला पाऊस लागू देत नाही?"

"पाणी तोडलंय त्याचं," मी म्हटलं.

"का?"

"वरून हुकूम आहे," म्हणालो. डॉक्टरांनी मान हलवली आणि हळूच आपला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून गेले.

रात्रीच्या जेवणाला अंडी उकडली. सर्दी होणार असं दिसतंय. पण हिने एक काम सांगितलं होतं आणि ते मी चोख केलं, याचं समाधान आहे. हिला कळलं असतं तर बरं झालं असतं. कळेलही. डॉक्टर आहेतच.

२२ एप्रिल

अखेर हुकूम आला. अक्कांचा फोन होता. मागे भांडी वाजत होती, ही तिथेच असावी. अक्का तिकडे तोंड करून म्हणाल्या, "काय सांगू?" हिने काहीतरी सांगितलं, ते भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. अक्का म्हणाल्या, "भाऊजी, ती म्हणते, पानं वळली असतील तर आता लिंबाचा ताण तोडा."

पानं वळलीच आहेत. नुसती वळली नाहीत, बरीचशी खाली पडली आहेत. मी म्हटलं, "आत्ता तोडतो." फोन कानाला धरूनच कात्री घेतली, गच्चीत गेलो आणि दोन्ही दोऱ्या कचाकच कापल्या. म्हटलं, "सांगा तिला, तोडला." हिने पलीकडे "बरं" म्हटलेलं मला ऐकू आलं. इतक्या दिवसांनी हिचा आवाज ऐकला, तो एवढाच.

दोऱ्या का तोडायच्या ते कळलं नाही. मोकळं वाटावं म्हणून असेल. विचारणार होतो, पण तोवर अक्कांनी फोन ठेवला.

२५ एप्रिल, शनिवार



तीन दिवस आग ओकत होता सूर्य. गुलाबाच्या कळ्या उमलायच्या आधीच करपल्या. आज दुपारी वारा सुटला, धुळीचा लोटच्या लोट. पत्रे वाजायला लागले. मी नेचा आत घेत होतो तेवढ्यात धाडकन आवाज झाला. लिंबू आडवं. पिंपासकट. दोऱ्या नाहीत, आणि माती इतकी कोरडी की पिंप हलकं झालेलं. जाऊन उभं केलं तर पुन्हा कललं. मग त्याला मिठी मारून बसलो, वारा पडेपर्यंत. लिंबाला काटे असतात, आणि ते किती असतात हे मिठी मारल्याशिवाय कळत नाही.

एक फांदी मोडली. पान एक राहिलं नाही म्हटलं तरी चालेल. बोटाने साल खरवडली तर खाली अजून हिरवं आहे, पण किती दिवस?

हिने सांगितलं तसं मी केलं. प्रत्येक शब्द पाळला. पाणी तोड म्हणाली, तोडलं. ताण तोड म्हणाली, तोडला. मग हे झाड मरायला का टेकलंय? हिने जीव लावलेली ही एकच गोष्ट माझ्या हाती दिली होती. झाडच गेलं तर परत यायला हिला कारण तरी काय उरणार? मला खरंच कळत नाहीये. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुठे लिहिलेलं नाही.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी आंघोळ करून, कपडे बदलून फोन लावला. अक्कांना म्हटलं, "हात मातीचे असले तरी चालतील, तिला द्या."

ही आली. "बोला."

मी रात्रभर पुष्कळ जुळवणी केली होती. त्यातलं काही आठवेना. म्हटलं, "अगं, ताण म्हणजे काय?"

मला वाटलं फोन कट झाला.

"म्हणजे? ताण तोडलात ना तुम्ही?"

"तोडला. कात्रीने."

"कात्रीने?"

"त्या दोऱ्या. कापल्या. काल वाऱ्यात झाड पडलं."

मग हिचा आवाज आला तो मला आधी रडण्याचा वाटला. पण ही हसत होती. हसता हसता अक्कांना सांगत होती, "अगं, त्यांनी दोऱ्या कापल्या," आणि अक्काही हसायला लागल्या. दोघी बहिणी किती वेळ हसत होत्या कोण जाणे. मी फोन धरून उभा होतो. एरवी मी ठेवून दिला असता. आज ठेवला नाही. हिचं असं हसणं मी विसरूनच गेलो होतो.

मग हिने सांगितलं. ताण देणं म्हणजे झाडाचं पाणी तोडणं. दोरीचा काही संबंध नाही. ताण तोडणं म्हणजे पाणी पुन्हा सुरू करणं. म्हणजे पाणी तोडायचं तेव्हा बंद करायचं, आणि ताण तोडायचा तेव्हा सोडायचं. खात्यात असा आदेश कुणी काढला असता तर मी तो परत पाठवला असता.

"पण पाणी तोडायचंच कशाला?" मी विचारलं. "जिवंत झाड ते."

"मला काय हौस होती?" ही म्हणाली. तिचा आवाज बदलला. "इतकी वर्षं लाडच केले की त्याचे. वेळच्या वेळी पाणी, खत, सावली. कशाला काही कमी पडू दिलं नाही. नुसती पानंच पानं. एक फूल नाही. काही झाडांना सगळं आयतं मिळालं की फुलायची गरजच वाटत नाही. मग थोडं तोडावं लागतं. आपल्याही जिवाला त्रास होतो. रोज वाटतं, द्यावं पाणी. वाटतं, मरायचं एखाद्या वेळी."

लिंबाविषयी ही इतकं मनापासून बोलते हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आता काय करू ते सांग. मला कळत नाही."

"आधी थोडं पाणी घाला. एकदम भरपूर पाजू नका, सोसायचं नाही त्याला. उद्या थोडं जास्त. दोऱ्या पुन्हा बांधा."

"कशी गाठ मारू?"

"तुम्ही मला गाठ विचारताय?"

"विचारतोय."

हिने गाठ सांगितली. मग मी म्हटलं, "झाडाचं होईल काहीतरी. माझं इथं बरं चाललेलं नाही. तू ये." म्हणाली, "आधी पाणी घाला. मग बघू."

पाणी घातलं. एक तांब्या, हळूहळू. माती आधी पाणी घेईचना, वरच तरंगत राहिलं. मग एकदम आत ओढून घेतलं.

२८ एप्रिल

आज टोमॅटोंचं विचारलं. दुपारी ते उन्हाने मान टाकतात, तहानेने नाही, संध्याकाळी आपली आपण उचलतात. मी उगाच रोज बुडवत होतो. बोट खुपसलं. माती खाली ओली होती. वेळापत्रक दारावरून काढून टाकलं.

३० एप्रिल

आज काही विचारायचं नव्हतं, तरी फोन केला. म्हटलं, "तू दुपारी काय करतेस?" तिला वाटलं मी दुपारच्या पाण्याविषयी विचारतोय. मी म्हटलं, "नाही, तू. तू काय करतेस?" सांगितलं तिने. अक्कांच्या अंगणात वांगी लावली आहेत, दुपारी थोडी झोपते, मग दोघी फिरायला जातात, नदीपर्यंत. नदी लांब आहे. गुडघ्याला इतकं चालणं सोसतं का म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, "हळूहळू जातो आम्ही."

लेकीचाही फोन येऊन गेला. "आई म्हणते, तुम्ही रोज फोन करता. बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

४ मे

हवेचा काही भरवसा नाही. दोन दिवस गार वारं होतं, आज पुन्हा भट्टी. ही म्हणाली कुंड्या एकमेकींजवळ सरकवा, मध्ये पाण्याचं घमेलं ठेवा, वर ओली गोणपाटं टांगा. सगळं केलं. गच्चीला धोबीघाटाची कळा आली आहे.

लिंबाच्या काड्यांवर, जिथून पानं गळली होती तिथे, बारीक हिरवे ठिपके दिसतात. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आहेत.

७ मे, गुरुवार

ठिपक्यांमधून पानं आली, आणि पानांच्या बगलेत तांदळाएवढे पांढरट दाणे. हात लावायचं धाडस झालं नाही. डॉक्टरांना खालून बोलावून आणलं. त्यांनी दाताकडे बघायचा आरसा आणला होता, त्याने पानांखाली बघितलं आणि म्हणाले, "कळ्याच आहेत. भरपूर आहेत."

हिला फोन केला. "कळ्या आल्या."

"खरंच?"

"डॉक्टरांनी तपासलंय."

मग म्हणाली, "बघते मी बसचं." यापेक्षा जास्त विचारलं नाही. विचारायची सवय नवीन आहे, एकदम ताणू नये.

मनात मात्र पक्कं केलंय, हिच्या येण्यापर्यंत या कळ्यांना काही होऊ द्यायचं नाही. झाडाने आपलं काम केलं, आता माझं.

९ मे, शनिवार

गारा. मे महिन्यात गारा.

दुपारी चारला आभाळ हिरवट काळं झालं आणि हवा एकदम थंड पडली. पहिली गार कठड्यावर आपटली तेव्हा मी चहा गाळत होतो. तसाच सगळं टाकून धावलो. पिंप आत ओढावं तर आता माती ओली, पिंप जड, जागचं हलेना. आधी हलकं होतं तेव्हा पडत होतं, आता जड झालंय तर निघत नाही. छत्री उघडली, ती पहिल्याच झटक्यात उलटी झाली. मग अंगातला शर्ट काढून झाडावर धरला आणि त्यावर ओणवा झालो. पाठीवर कुणी मूठ मूठ खडे मारतंय असं वाटत होतं. आत फोन वाजत होता. वाजून वाजून गप्प झाला, पुन्हा वाजायला लागला. मी झाड सोडलं नाही.

तेवढ्यात डॉक्टर आले. डोक्यावर स्वयंपाकघरातलं पातेलं आणि हातात त्यांच्या पलंगावरची गादी. "तुमच्याकडे फोन उचलत नाहीत म्हणून मला आला," ओरडून म्हणाले. "बघून या, म्हणाल्या." आम्ही दोघांनी गादी डोक्यावर धरली, खाली लिंबू, लिंबाच्या दोन बाजूंना आम्ही. गारा थांबेपर्यंत असेच उभे होतो. डॉक्टर पहिल्यांदाच हसत नव्हते.

थांबल्यावर बघितलं. गुलाब सपाट. टोमॅटोंचा चिखल. पुदिना कसाबसा. लिंबाच्या दोन-चार कळ्या गळाल्या होत्या, बाकी सगळ्या जागच्या जागी. तिथेच ओल्या गच्चीत बसलो. जीव भांड्यात पडला.

आत येऊन फोन घेतला. हिचा आवाज चिरकला होता. "कुठं होता तुम्ही? किती वेळ करतेय मी. इथं गारांनी लोकांची डोकी फुटलीत."

"गच्चीत होतो. लिंबू वाचलं. कळ्या आहेत अजून."

"खड्ड्यात गेलं ते लिंबू. तुम्हाला लागलं का?"

मी पुन्हा सांगितलं की लिंबू सुखरूप आहे, कारण तिने नीट ऐकलं नसावं. तिने पुन्हा विचारलं, "तुम्हाला लागलं का, ते सांगा आधी." म्हटलं, पाठीवर थोडं. मग तिला रडू आलं. मग मलाही आलं. शेवटी म्हणाली, "उद्या सकाळच्या बसने येते. पाठीला काही लावा."

११ मे, सोमवार

काल लिहायला वेळ मिळाला नाही. मिळाला असता तरी लिहिलं नसतं.

ही दुपारी आली. मी बसथांब्यावर घ्यायला गेलो होतो. इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो, त्यामुळे थांबा कुठला ते आधी डॉक्टरांना विचारलं. हिने मला बघितलं तेव्हा आधी मागे वळून पाहिलं, कुणी दुसरं आणायला आलंय का म्हणून. पिशवी मी घेतली. जड होती. अक्कांच्या वांग्यांची.

घरात आल्यावर आधी माझा शर्ट वर करून पाठ बघितली. डाग मोजत बसली. मग गच्चीत गेली. मोडका गुलाब, चिखल, टांगलेली गोणपाटं, सगळं बघितलं. लिंबापाशी जाऊन दोरीची गाठ चाचपली. तिने सांगितली होती तशीच होती. एक कळी उमलली होती, पहाटेच कधीतरी. ही वाकली, वास घेतला आणि तशीच थोडा वेळ वाकून राहिली. मग मला म्हणाली, "या. तुम्हीही घ्या." फुलाला वास असतो हे मला माहीत होतं. एवढा असतो हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, "अक्कांचा गुडघा कसा आहे आता?"

"कुठला गुडघा?" ही म्हणाली. आणि मग घाईने, "हो हो. बरा आहे. अगदी बरा आहे." प्रवासाने दमली असावी.

आज सकाळी दोघांनी मिळून गच्ची आवरली. टोमॅटो नव्याने लावायचे ठरलं. लिंबाला पाणी घालताना मी विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा ताण द्यायचा का?"

"आता लागेल असं वाटत नाही," ती म्हणाली. झाडाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघून हसत होती. एकदा फुलायला लागली की झाडं पुढे आपली आपण फुलत असतील बहुतेक. उद्या विचारतो.